टोचल्यानंतरचा हिशेब

एवढ्या उकाड्यात, तेही काजूचा हंगाम ऐन भरात असताना, वेळ काढून आलेल्या सावंतवाडीकर श्रोतेहो,

स्मृतिव्याख्यानाचा प्रघात असा, की सुरुवातीची पाच मिनिटं वक्त्याने दिवंगतांविषयी बोलावं. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या डॉक्टरांना स्तुतीचा तिटकारा होता, असं संयोजकांनीच मला सांगितलं. तेव्हा ती पाच मिनिटं मी विषयालाच देतो. खुलासा आधीच केलेला बरा: मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्राचा माणूस आहे. लसींच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात माझं उभं आयुष्य गेलं. सुई कशी टोचायची हे मला येत नाही. टोचल्यानंतर काय झालं हे कसं मोजायचं, तेवढं थोडंफार कळतं.

औषधाचं एक बरं असतं. ताप चढलेला असतो, गोळी घेतली, ताप उतरला. घरातले खूश, डॉक्टर खूश. (तो गोळीवाचूनही उतरला असता का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारणारा माणूस घरात फारसा आवडता नसतो.) लसीचं तसं नाही. लस घेणारा धडधाकट असतो. घेतल्यावरही धडधाकटच राहतो. मग लसीने केलं काय? ज्याला आजार झालाच नाही, त्याला तो लसीमुळे झाला नाही की होणारच नव्हता, हे कोण सांगणार?

नवी लस आली की वर्तमानपत्रात फोटो येतो. पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ, हातात कुपी. त्या कुपीत खरोखर लस आहे की नाही, हे फोटो काढताना त्या शास्त्रज्ञालाही ठाऊक नसतं. ते ठरतं पुढे, ती टोचून घेणाऱ्या हजारो मुलांमुळे आणि ज्यांना ती मिळालीच नाही अशा हजारो मुलांमुळे. आज मला एवढंच म्हणायचं आहे, की या दुसऱ्या मुलांचा हिशेब ठेवला नाही, तर पहिल्या मुलांचं काय झालं हे आपल्याला कधीच कळत नाही.

पहिली गोष्ट अमेरिकेतली, पोलिओची. १९५२ साली त्या देशात पोलिओचे ५७ हजारांहून अधिक रुग्ण झाले. उन्हाळा लागला की पोहण्याचे तलाव बंद व्हायचे, आईबाप मुलांना सिनेमाला नेईनासे व्हायचे. श्वास बंद पडलेली मुलं लोखंडी फुफ्फुस नावाच्या नळकांड्यात मानेपर्यंत आडवी ठेवलेली असायची. अशा वेळी पिट्सबर्गमध्ये जोनास सॉक यांनी पोलिओचे तिन्ही प्रकारचे विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवले, फॉर्मालिनने मारले आणि त्यांची लस केली. ती माकडं बहुतांशी भारतातून गेलेली होती, हे जाता जाता सांगून ठेवतो. पुढे अनेक वर्षं आपण ती पाठवत राहिलो. १९७८ मध्ये निर्यात पूर्ण बंद झाली.

लस हातात आली. आता तुम्ही काय कराल? सगळ्या मुलांना टोचाल आणि पुढच्या वर्षी रुग्ण मोजाल? सरळ वाटतं. पण पोलिओ दरवर्षी सारखा येत नसे. १९५२ मध्ये ५७ हजार रुग्ण, आणि १९५३ मध्ये ३५ हजारांच्या आसपास. म्हणजे १९५३ साली कुणी देशभर नुसतं मिठाचं पाणी टोचलं असतं, तर त्या पाण्याने २२ हजार जण वाचवले, असं छाती ठोकून सांगता आलं असतं. आणि लोकांनी त्याचा सत्कारही केला असता.

मग दुसरी युक्ती निघाली. दुसरीतल्या मुलांना टोचायचं, पहिली आणि तिसरीतल्यांना नुसतं पाहायचं. एकच शाळा, एकच वर्ष, तुलना आपोआप होईल. पण दुसरीतही टोचणार कुणाला? ज्यांचे पालक सही करतील त्यांना. आणि डॉक्टरांपुढे पाय लुळा पडलेलं मूल आलं, की ते दुसरीतलं आहे हे त्यांना ठाऊक असणार. निदान करताना मन कुठे तरी झुकणारच.

टॉमस फ्रान्सिस नावाचे साथरोगतज्ज्ञ मिशिगन विद्यापीठात होते. परीक्षण त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी आग्रह धरला की निदान काही राज्यांत तरी चिठ्ठीचा न्याय लागला पाहिजे. सही केलेल्या मुलांपैकी निम्म्यांना लस, निम्म्यांना तशाच रंगाचं, लस नसलेलं द्रव. याला प्लासिबो म्हणतात, हे आता कोविडनंतर सगळ्यांना माहीत आहे. कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक. कुणाला काय मिळालं हे मुलाला माहीत नाही, आईला नाही, टोचणाऱ्या नर्सला नाही, निदान करणाऱ्या डॉक्टरलाही नाही. सॉक यांना हे पटत नव्हतं. आपली लस चालते याबद्दल त्यांची खात्री होती, मग मुलांना खोटं इंजेक्शन का द्यायचं? माणूस म्हणून त्यांचं म्हणणं आपल्याला समजतं. पण खात्री असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं.

अखेर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. एकूण १८ लाखांच्या घरात मुलं त्यात होती. चिठ्ठीच्या भागातले आकडे मी तुम्हाला सांगतो, तीनच आहेत, लक्षात राहतील. दर लाख मुलांमागे पोलिओ किती? लस मिळालेल्यांत २८. प्लासिबो मिळालेल्यांत ७१. आणि ज्यांच्या पालकांनी सहीच केली नाही, त्या मुलांत? ४६.

जरा थांबा. लस तर या शेवटच्या दोन्ही गटांना मिळाली नव्हती. मग एकात ७१ आणि दुसऱ्यात ४६ कसे? नकार देणाऱ्यांची मुलं होकार देणाऱ्यांच्या मुलांपेक्षा सुरक्षित कशी?

याचं उत्तर पोलिओच्या स्वभावात आहे. गर्दीच्या, अस्वच्छ वस्तीत मूल अगदी तान्हेपणी या विषाणूला सामोरं जातं. आईकडून आलेल्या अँटिबॉडीज तेव्हा अंगात असतात. संसर्ग सौम्य होऊन जातो आणि जन्माचं संरक्षण मिळतं. स्वच्छ, सुखवस्तू घरातलं मूल विषाणूला भेटतं ते मोठं झाल्यावर, अंगात संरक्षण नसताना. आणि सही करणारे पालक बहुतेक शिकलेले, सुस्थितीतले. म्हणजे पोलिओचा धोका ज्यांना जास्त, तेच पुढे आले होते. आता कल्पना करा, चिठ्ठी टाकलीच नसती आणि लस घेणाऱ्यांची तुलना नकार देणाऱ्यांशी केली असती. २८ आणि ४६. लस चाळीसेक टक्केच कामाची, असा निष्कर्ष निघाला असता. खरी तुलना २८ आणि ७१ यांची, म्हणजे साठ टक्के. आणि लकवा झालेल्या खात्रीच्या रुग्णांपुरतं पाहिलं तर परिणाम याहूनही सरस, ८० ते ९० टक्के. लस तीच, मुलं तीच. तुलना कुणाशी करता, यावर उत्तर बदललं.

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे तीन आकडे पाठ असतात. ४६ हा आकडा मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो कुणी मोजला नसता तरी चाललं असतं. नकार देणाऱ्यांची नोंद ठेवायचं कुणाला सुचलं असतं? त्यांनी ठेवली.

१२ एप्रिल १९५५ रोजी ॲन आर्बरमध्ये फ्रान्सिस यांनी निकाल वाचला. देशभर चर्चच्या घंटा वाजल्या. त्याच दिवशी लसीला परवाना मिळाला. गोष्ट इथे संपवता आली असती तर किती बरं झालं असतं!

पंधरा दिवसांच्या आत बातम्या येऊ लागल्या. लस टोचलेली मुलं लुळी पडत होती, आणि ज्या अवयवात टोचलं तोच. सगळ्या बातम्यांचा माग कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीजच्या लसीपाशी पोहोचला. तिच्या काही बॅचेसमध्ये, सुमारे १ लाख २० हजार डोसांत, जिवंत विषाणू राहिला होता. त्या बॅचेसची लस घेतलेल्यांपैकी ५१ मुलं कायमची अपंग झाली, ५ दगावली. शिवाय त्यांच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना लागण झाली. त्यांत आणखी ११३ जणांना लकवा झाला आणि ५ मृत्यू झाले.

कसं झालं हे? आपण झुणक्याचं पीठ घाईने कालवलं तर गुठळ्या राहतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पेशींच्या गाळात अडकलेल्या विषाणूंपर्यंत फॉर्मालिन तसंच पोहोचलं नाही. चाचणीच्या काळात प्रत्येक बॅच तीन ठिकाणी तपासली जात होती: कंपनीत, सॉक यांच्याकडे आणि सरकारी प्रयोगशाळेत. परवाना मिळाल्यावर ती कडक शिस्त सैल झाली. आणि याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, सरकारी प्रयोगशाळेतल्या बर्निस एडी या शास्त्रज्ञ बाईंनी कटरचे नमुने टोचलेली माकडं लुळी पडताना आधीच पाहिली होती. त्यांनी वरिष्ठांना सांगितलंही होतं. घंटा वाजवायच्या घाईत माकडांकडे कुणी पाहिलं नाही.

म्हणजे चाचणीत उत्तीर्ण झालेली लस आणि बाजारात आलेली लस या दोन वस्तू असू शकतात. कागदावर नाव एकच. परीक्षण परवान्यापाशी थांबत नाही, हे जगाला त्या एप्रिलमध्ये कळलं. आज प्रत्येक बॅचची तपासणी होते, ती त्या मुलांमुळे.

दुसरा मुद्दा अँटिबॉडीजचा. आपल्याकडे कोविडच्या काळात लोक लॅबमध्ये जाऊन अँटिबॉडीज मोजून येत, आणि माझ्या इतक्या आल्या, तुझ्या किती, असं फोनवर चालायचं. बारावीचे गुण असल्यासारखं. अँटिबॉडीज तयार झाल्या म्हणजे संरक्षण मिळालं, असं आपण गृहीत धरतो. नेहमी तसं होतंच असं नाही.

आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. तान्ह्या बाळांच्या छातीला धरतो, श्वास लागतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत याचीही लस सॉक यांच्याच वाटेने केली, फॉर्मालिनने मारून. बाळांना टोचली. अँटिबॉडीज आल्या. मग हिवाळा आला आणि विषाणूही आला. वॉशिंग्टनमधल्या एका अभ्यासात लस मिळालेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना लागण झाली. त्यांतल्या १६ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. दोन बाळं गेली. दुसऱ्याच एका विषाणूची लस मिळालेला तुलनेचा गट होता. त्यात लागण झालेल्या २१ बाळांपैकी रुग्णालयात गेलं फक्त एक.

लसीने आजार टळला नाही एवढंच नव्हे, तो बळावला. अँटिबॉडीज होत्या, पण त्या विषाणूला अडवत नव्हत्या. फॉर्मालिनने विषाणूच्या प्रथिनाचा आकार बदलला होता. शरीर शिकलं ते चुकीचा चेहरा ओळखायला. योग्य आकार कोणता, म्हणजे पेशीत शिरण्याआधी ते प्रथिन कसं दिसतं, हे २०१३ मध्ये उलगडलं. त्यावर बेतलेल्या लसींना मान्यता मिळाली २०२३ मध्ये, तीही आधी वृद्धांसाठी आणि नंतर गर्भवतींसाठी, म्हणजे बाळाला संरक्षण आईकडून मिळावं म्हणून. बाळांना थेट टोचायची वेळ येते तेव्हा आजही हात थरथरतो. २०२४ मध्ये एका अगदी आधुनिक लसीची बाळांवरची चाचणी याच शंकेवरून थांबवावी लागली.

विचार करा, त्या जुन्या अभ्यासात तुलनेचा गट नसता तर? डॉक्टर म्हणाले असते, यंदाचा हिवाळा फार वाईट गेला. लस दिली तरी एवढी मुलं आजारी, दिली नसती तर काय झालं असतं! आणि ती लस चालू राहिली असती.

आता आपल्याकडे येतो, पण वाटेत पुन्हा अमेरिका लागते. रोटाव्हायरस. लहान मुलांचे जुलाब. १९९८ मध्ये अमेरिकेत याच्या लसीला परवाना मिळाला, रोटाशील्ड तिचं नाव. वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. काही बाळांमध्ये आतड्यात आतडं शिरून पोटाला पीळ पडत होता, शस्त्रक्रिया करावी लागत होती. साधारण दहा हजारांत एक, असं नंतर ठरलं. परवान्याआधी ती दिली होती सुमारे दहा हजार बाळांनाच. त्यांत अशी पाच प्रकरणं झाली होती, प्लासिबोवाल्यांत एक. योगायोग म्हणून सोडून देता येईल एवढीच. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट दहा हजार मुलांत शोधायची म्हणजे नशिबावर हवाला. पुढच्या दोन लसींच्या चाचण्या म्हणूनच प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या.

पण इथे मला एक शल्य आहे, आणि ते बोलून दाखवतो. अमेरिकेत रोटाव्हायरसने वर्षाला काही डझन मुलं दगावत. तिथे लस मागे घेणं समजण्यासारखं होतं. त्या काळात आपल्याकडे याच विषाणूने वर्षाला लाखाच्या आसपास मुलं जात होती, असे अंदाज आहेत. दहा हजारांत एका बाळाची शस्त्रक्रिया एका पारड्यात आणि हे मृत्यू दुसऱ्या पारड्यात घातले, तर काटा कुठे झुकतो? पण अमेरिकेत जी नाकारली ती लस आमच्या मुलांना द्या, असं दिल्लीतला कुठला मंत्री म्हणू शकला असता? विज्ञानाचं उत्तर देशागणिक वेगळं असू शकतं. राजकारणाला ते परवडत नाही.

आपली लस आली ती दिल्लीतून. १९८० च्या दशकात एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या पथकाला दिसलं, की काही नवजात बाळांच्या पोटात रोटाव्हायरस आहे, पण त्यांना जुलाब नाहीत. आणि अशी लागण झालेल्या बाळांना पुढे या विषाणूचा तीव्र आजार कमी होतो. निसर्गानेच सौम्य करून ठेवलेला विषाणू. ११६ई हे त्याचं नाव. त्यापासून रोटाव्हॅक व्हायला पंचवीसेक वर्षं लागली. निर्णायक चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. ६,७९९ बाळं, तीन ठिकाणं: दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू. होय, शिरूर तालुक्यातलं, संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं काम तिथे चालतं.

अशा चाचणीत नेमकं काय करतात, तुम्हाला वाटत असेल. काही भव्यदिव्य नाही. गावातली कार्यकर्ती दर आठवड्याला बाळाची खबर घ्यायला दारात. बाळाला जुलाब झाले का? किती वेळा? उलटी किती? ताप? डोळे खोल गेले का? प्रत्येकाला गुण. वीसपैकी अकरा किंवा अधिक झाले तर आजार तीव्र. मग शौचाचा नमुना डबीत घालून प्रयोगशाळेत. उन्हात, पावसात, सासू दारातूनच परत पाठवते तिथेही. लसीच्या शास्त्राचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात या बायकांचं नाव नसेल. पण एका घरची खबर चुकली तर दिल्लीतल्या आकड्यात भोक पडतं.

निकाल आला: पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून ५६ टक्के संरक्षण. लोक नाराज झाले. परदेशी लसी श्रीमंत देशांत ८५-९० टक्के दाखवतात, आणि आपली ५६? पण त्याच परदेशी लसी आफ्रिकेत, आशियातल्या गरीब भागांत दिल्या की त्यांचेही आकडे असेच खाली येतात. आणि जिथे हजारो मुलं मरतात तिथले ५६ टक्के, आणि जिथे कुणी क्वचितच मरतं तिथले ९० टक्के, यांत जास्त जीव कुठे वाचतात? टक्केवारीला गाव असतं. २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली.

एक आक्षेप घेतला गेला, तो मी टाळणार नाही. परदेशी रोटा लसी तेव्हा खासगी दवाखान्यांत विकत मिळत होत्या. मग वढूच्या एक-तृतीयांश बाळांना प्लासिबो देणं न्याय्य होतं का? चाचणीत आजारी पडणाऱ्या प्रत्येक बाळावर उपचार झाले, आणि महागड्या लसी त्या घरांना परवडणाऱ्या नव्हत्याच, हे खरं आहे. पण परवडत नाही म्हणून प्लासिबो चालतो, हा युक्तिवाद गरिबांवरच लागू होतो, हेही खरं आहे. माझं मत चाचणीच्या बाजूने आहे. तरी ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांना मी आडमुठे म्हणणार नाही.

डेंगीबद्दल थोडक्यात. डेंगीचे विषाणू चार. एकाचा आजार होऊन गेला की दुसऱ्यांदा दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. सानोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया आली तेव्हा फिलिपिन्सने एप्रिल २०१६ पासून शाळाशाळांतून आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ज्यांना पूर्वी कधी डेंगी झालेला नाही, त्यांच्यात ही लस पुढचा आजार गंभीर करू शकते. लस म्हणजे जणू त्यांचा पहिला डेंगी. चाचणी तीस हजारांवर मुलांची होती, मग हे आधी का कळलं नाही? कारण लस देण्याआधी मुलाला डेंगी होऊन गेला होता का, हे पाहायला रक्त घेतलं होतं ते थोड्याच मुलांचं. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर तीस हजारांतूनही मिळत नाही. त्यानंतर त्या देशात सगळ्याच लसींवरचा विश्वास ढासळला, आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. आपल्याकडे एका डोसच्या देशी डेंगी लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू झाली. दहा हजारांवर लोक, १९ केंद्रं, दोन वर्षांचा पाठपुरावा. दोन वर्षं कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला फिलिपिन्सची गोष्ट सांगा.

कोविडवर मी जास्त बोलणार नाही, सगळ्यांनी ते भोगलं आहे. एवढंच म्हणतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन झाली, याचा अभिमान मलाही आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये तिला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचा निकाल हातात नव्हता. तो नंतर आला, ७७.८ टक्के, चांगला आला. निकाल चांगला आला म्हणून आधी परवानगी देणं बरोबर ठरत नाही.

आणि आता माकडताप. तुमच्यासमोर बोलायचं आणि माकडतापावर बोलायचं नाही, हे कसं चालेल?

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मग माणसं तापाने पडू लागली. पिवळा ताप हिंदुस्थानात शिरला की काय, ही पहिली भीती. पुण्याहून विषाणू संशोधन केंद्राची माणसं गेली, आणि हा नवाच विषाणू आहे, गोचिडीतून पसरतो, हे त्यांनी शोधलं. त्याच्या जवळच्या नात्यातल्या एका रशियन विषाणूची लस तयार होती, ती लोकांना देऊन पाहिली. चालली नाही. पुढे आपली स्वतःची लस झाली, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवलेली आणि, ओळखलंत ना, फॉर्मालिनने मारलेली. १९९० च्या सुमारास कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर पाहणी झाली. एका डोसने ७९ टक्के, दोन डोसांनी ९३ टक्क्यांवर संरक्षण. २००५ ते २०१० या काळात पुन्हा मोजलं तेव्हा दोन डोसांचं संरक्षण ६२ टक्क्यांवर आलं होतं. २०२२ मध्ये ती लस देणं बंद झालं.

७९, ९३, ६२. हे आकडे ऐकून पोलिओचे तीन आकडे आठवायला हवेत. या पाहण्यांत चिठ्ठी टाकलेली नव्हती. लस घेणारे एकीकडे, न घेणारे दुसरीकडे. कोण घेत होतं? इंजेक्शन फार दुखायचं, म्हणून कितीतरी लोक टाळायचे. रोज जंगलात जाणारा, गोचीड अंगावर घेऊन येणारा घेत होता, की गावातच राहणारा? जंगलात जाणारेच जास्त घेत असतील, तर लस दिसते त्याहून चांगली होती. घरात बसणारे घेत असतील, तर दिसते त्याहून वाईट. तीस वर्षं ही लस दिली, आणि ती नेमकी किती चालत होती याचं खणखणीत उत्तर आपल्याकडे नाही. एवढ्या वर्षांत आपण कुणाला दोष देणार? सरकारला, शास्त्रज्ञांना? मला वाटतं, मागणी करणाऱ्यांनाही. लस द्या, अशी मागणी झाली. मोजून द्या, अशी कुणी केली नाही.

२०१५ मध्ये हा ताप गोव्यात सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्गात, मग बांद्यात. काजूच्या बागेत पाला गोळा करणाऱ्या बायका, लाकूडफाटा आणणारे, गुरांमागे जाणारे. तुम्ही त्यांना नावानिशी ओळखता. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्या लसीचं काम हाती घेतलं आहे. ती लस आज ना उद्या तपासायला येईल. आणि तपासायची कुठे? पुण्यात माकडताप नाही, मुंबईत नाही. जिथे आजार आहे तिथेच लसीची परीक्षा होते. रुग्ण थोडे असल्याने माणसं मात्र हजारोंनी लागतील. डिसेंबर ते मे असा हंगाम, एक नव्हे, दोन-तीन हंगाम.

तेव्हा कुणी तरी तुमच्या गावात येऊन संमतीपत्र पुढे करील. सही करण्याआधी विचारा. चिठ्ठी टाकणार आहात का? ज्यांना लस मिळणार नाही त्यांना ताप आला तर उपचार कोण करणार? चाचणी यशस्वी झाली तर त्यांना लस सगळ्यांआधी मिळेल का? किती वर्षं आमच्याकडे येत राहणार? विपरीत काही झालं तर आम्हाला कोण सांगणार, आणि कधी? उत्तरं मराठीत मागा, लेखी मागा, ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. उत्तरं पटली तर हात पुढे करा, आणि तुम्हाला लस मिळाली की नुसतं पाणी, हे न कळता दोन-तीन हंगाम काढायची तयारी ठेवा. नाही पटली तर बेलाशक नकार द्या. फक्त जाण्याआधी, नकार देणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव लिहून घ्यायला सांगा.